पुसले न गेलेले ड्रम

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. काळी, गोल, मधोमध भोक असलेली. हसू नका. एके काळी माझ्यासारख्या एकीवर सुई टेकवली, की अख्खं घर गप्प बसायचं. माझ्या दोन्ही बाजूंना गाणी आहेत आणि दोन्ही बाजूंना ओरखडे आहेत. मी रॉक संगीताचा एक अल्बम आहे. माझं नाव ‘परतीचं वर्ष’.

माझ्यामागे कुठलीही कंपनी नव्हती. तिघा जणांनी मला स्वतःच्या हिमतीवर काढलं. हे मी पूर्वी फार ताठ मानेने सांगायचे. आता जरा हळू आवाजात सांगते. कंपनी असती, तर जे झालं त्याचा दोष निदान तिच्या माथी तरी मारता आला असता.

तिघांत पहिला दादा. तो गाणी लिहायचा, गायचा, गिटार वाजवायचा आणि उरलेल्या वेळात आरशात आपले केस बघायचा. दुसरा लांब्या, दादाचा वर्गमित्र. तो बेस गिटार वाजवायचा आणि प्रत्येक दारातून वाकून आत यायचा. तिसरी ढमी, दादाची सख्खी धाकटी बहीण. लहानपणी घरातली पातेली पालथी घालून बडवायची, म्हणून तिला हे नाव पडलं. पुढे ती खऱ्या ड्रमवर बसली, तेव्हा ते नाव तिला शोभूनही दिसलं.

आणखी एक व्यक्ती होती. ती काही वाजवत नव्हती, पण तिच्याशिवाय मी जन्मालाच आले नसते. ती म्हणजे आत्याआजी, या भावंडांच्या वडिलांची आत्या. ती त्यांच्याच घरात मागच्या खोलीत राहायची.

तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात युद्ध संपल्यानंतरच्या वर्षाचं वर्णन मोठं गोड असतं. सैनिक घरी परतले, रस्त्यांवर दिवे लागले, लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. आत्याआजी म्हणायची, की हे सगळं खरं आहे, फक्त अर्धं आहे. युद्धाच्या काळात ती एका मोठ्या दालनात हवाई छत्र्या शिवायची. विमानातून उडी मारणारा सैनिक ज्या छत्रीला लटकून खाली येतो, ती छत्री. एक टाका चुकला, तर वर आकाशात कुणाचा तरी जीव जाणार. त्या दालनात सगळ्या बायकाच होत्या आणि त्यांचा एकही टाका चुकत नव्हता.

मग युद्ध संपलं. माणसं परत आली आणि त्यांना कामं हवी होती. एके दिवशी बायकांना रांगेत उभं केलं. व्यवस्थापकाने भाषण केलं, देश तुमचा ऋणी आहे असं सांगितलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बायकांनी आपापल्या कात्र्या टेबलावर ठेवल्या. पण जाण्याआधी एक काम राहिलं होतं. प्रत्येकीने आपल्या जागी येणाऱ्या माणसाला मशीन शिकवायचं होतं. आत्याआजीच्या वाट्याला जो आला, त्याचे हात कापायचे. सुईत दोरा ओवायला त्याला अर्धी सकाळ लागायची. तिने त्याला सगळं शिकवलं. तो माणूस वाईट नव्हता, त्यालाही पोट होतं, हे ती दर वेळी न विसरता सांगायची. आणि मग म्हणायची, “आम्हाला टाळ्या वाजवून घरी पाठवलं गं. शिव्या देऊन काढलं असतं, तर भांडता तरी आलं असतं.”

दादा हे ऐकून पेटून उठला. त्याने झपाट्याने गाणी लिहिली, सगळी त्या एका वर्षावर. ढमीने मात्र वेगळंच विचारलं. त्या दालनात आवाज कसा यायचा? आत्याआजीने दोन्ही तळवे टेबलावर ठेवले, पाय जमिनीवर टेकवला आणि वाजवून दाखवलं. सरळ शिवण धावते, धावते, मग एकदम थांबते, कारण कापड वळवायचं असतं. तेवढ्या वेळात सगळं शांत. मग पुन्हा सरळ शिवण. ढमीची बोटं टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तेच वाजवू लागली. आत्याआजी म्हणाली, की ते दालन कधीच पाडलं, बरोबरच्या बायका पांगल्या, आता तो आवाज फक्त आपल्या डोक्यात उरलाय. ढमी म्हणाली, “मी ठेवते तो. तुझ्यासमोर वाजवीन आणि तुला ऐकायला देईन.”

मित्रांनो, माझ्यातली सगळी गाणी त्या ठेक्यावर उभी आहेत. माझ्या दुसऱ्या गाण्याचं नावच ‘वळण’ आहे. त्यात ड्रम धावत येतात, थांबतात, आणि त्या थांबण्यात तुम्हाला कापड फिरताना दिसतं. मी स्वतःची स्तुती करत नाहीये. जे आहे ते सांगतेय.

आता माझ्या जन्माची गंमत ऐका. माझं ध्वनिमुद्रण झालं गाद्यांच्या कारखान्याच्या गोदामात. गाद्यावाला लांब्याचा मामा होता आणि गाद्यांइतका आवाज दुसरं काही खात नाही, असं लांब्याचं ठाम मत होतं. बेत असा, की ढमीच्या ड्रमभोवती गाद्यांची उंच भिंत रचायची. मग ड्रमचा आवाज भिंतीच्या आत राहील, फक्त ड्रमच्या माइकमध्ये जाईल, आणि दादाचं गाणं, गिटार, बेस आपापल्या माइकमध्ये वेगवेगळे राहतील. रेकॉर्डिंगवाले काका टेपचं यंत्र भाड्याने घेऊन आले. त्या यंत्रात रुंद फीत होती आणि प्रत्येक माइकचा आवाज त्या फितीच्या वेगळ्या पट्टीवर उमटणार होता.

आणि नेमक्या त्याच सकाळी एका वसतिगृहाचा ट्रक आला. मामाने भाच्याच्या डोळ्यांदेखत सगळ्या गाद्या ट्रकमध्ये चढवल्या. म्हणाला, तुमचं गाणं उद्या केलंत तरी चालेल, पोरांना आज झोपायचंय. यंत्र मात्र उद्या मिळणार नव्हतं. उरली एकच गादी, उसवलेली. तिच्यावर आत्याआजी बसली. ढमीच्या ड्रमभोवती काही म्हणता काही नव्हतं. काकांनी कपाळाला हात लावला आणि सांगितलं, की आता ड्रम सगळ्या माइकमध्ये घुसणार, नंतर वेगळे करता येणार नाहीत. दादा म्हणाला, “नकोच वेगळे करायला. आपण एकत्र वाजवतोय ना?”

हे वाक्य मी जपून ठेवलंय. त्याने जपलं नाही.

त्या दिवशी ढमी जे वाजवत होती, ते ऐकून गोदामातले हमाल दारात येऊन उभे राहिले. आत्याआजी डोळे मिटून बसली होती आणि तिचा उजवा पाय चालू होता. दादाचा आवाज तर असा लागला, की तसा तो आधी कधी लागला नव्हता आणि पुढेही कधी लागला नाही. हे लक्षात असू द्या, पुढे सगळं यावरच अडलं.

काही दिवसांनी परदेशी आला. हे त्याचं टोपणनाव. तो आधी याच शहरात ड्रम वाजवायचा, मग बाहेर देशी गेला, तिथल्या एका मोठ्या वाद्यवृंदात वाजवून परतला. त्याचं नाव ऐकलं, की कार्यक्रम ठेवणारे लोक खुर्ची पुढे करायचे. दादाने त्याला फीत ऐकवली आणि परदेशी म्हणाला, की वाजवेन मी तुमच्याबरोबर.

दादाने घरी जेवायच्या टेबलावर विषय काढला. तो ढमीशी नाही, आईशी बोलला. ढमीची परीक्षा जवळ आली आहे, गावोगावी कार्यक्रम करायचे तर मुलीला कुठे कुठे फिरवणार, रात्रीबेरात्रीचे प्रवास, शिवाय तिचं मनगट दुखतं. आई मान हलवत राहिली. ढमीचं मनगट कधी दुखलं होतं, हे ढमीलाही आठवेना. मग दादा तिच्याकडे वळून म्हणाला, की हे सगळं तुझ्याच भल्यासाठी आहे. मित्रांनो, हे वाक्य कुणी तुम्हाला ऐकवलं, तर आधी आपलं सामान जागेवर आहे का बघा.

ढमी शांतपणे म्हणाली, “दादा, हे तर तुझंच गाणं झालं. तिसरं. कात्री टेबलावर ठेवण्याचं.”

“ते वेगळं गं,” दादा म्हणाला. “ते युद्धाबद्दल आहे.”

मग काकांनी फितीच्या ड्रमच्या पट्टीवरून ढमीला पुसलं. टेप पुसणं फार सोपं असतं. एक बटण दाबायचं आणि फीत फिरू द्यायची. त्या रिकाम्या पट्टीवर परदेशी वाजवणार होता. पण गाणं लावलं, तर काय? ढमी तिथेच होती. गिटारच्या माइकमध्ये होती, बेसच्या माइकमध्ये होती, दादाच्या तोंडासमोरच्या माइकमध्ये त्याच्या शब्दांच्या पाठीमागे होती. लांबून, जणू शेजारच्या खोलीतून कुणीतरी वाजवतंय. तिला पुरतं घालवायचं, तर गिटार-बेसबरोबर दादाला सगळी गाणीही पुन्हा गावी लागणार होती. त्याने प्रयत्न केला. आवाज लागला नाही. पुन्हा केला. नाही लागला. शेवटी ठरलं, की गाणं तेच ठेवायचं आणि परदेशीने आपले ड्रम मागच्या ड्रमवर बरोबर बसवायचे, म्हणजे मागचे झाकले जातील.

इथे परदेशीची गाडी अडली. ‘वळण’मधली ती शांत जागा आली, की त्याचे हात थांबतच नसत. मोठ्या वाद्यवृंदात रिकामी जागा दिसली की भरायची, अशी त्याला सवय. तो भरायचा आणि मागून ढमी गप्प बसलेली ऐकू यायची, आणि सगळं गाणं लंगडायचं. अखेर दादाने काय करावं? त्याने ढमीलाच बोलावलं. परदेशीला शिकव म्हणाला.

ती गेली. का गेली, हे मला आजवर उमगलेलं नाही. मला वाटतं, तो ठेका मोडू नये म्हणून गेली. शाळेतून सुटली, की ती दप्तर घेऊन सरळ गोदामात यायची, परदेशीच्या शेजारी स्टुलावर बसायची आणि सांगायची, इथे हात उचला, कापड वळतंय. परदेशीने एकदा काठ्या मांडीवर ठेवल्या आणि दादाला विचारलं, “मग हिलाच का नाही ठेवत तुम्ही?” दादा हसला. लांब्याही हसला, पण जरा उशिरा. ढमी हसली नाही. परदेशीने खांदे उडवले आणि काठ्या पुन्हा उचलल्या. त्यालाही काम हवंच होतं.

तरी तो कुठे कुठे घाई करायचाच. त्यामुळे माझ्यात आजही अशा जागा आहेत, जिथे आधी परदेशी ऐकू येतो आणि पाठोपाठ, केसाएवढ्या अंतराने, ढमी.

त्यानंतर मी कारखान्यात गेले. तिथे मला खरं शरीर मिळालं. फितीवरचं गाणं सुईने एका मऊ चकतीवर कोरतात, तिच्यावरून धातूचे साचे घडवतात, आणि गंमत म्हणजे कारखान्यात त्या साच्यांतल्या एकाला बाप आणि दुसऱ्याला आई म्हणतात. मग दोन गरम साच्यांमध्ये काळा लगदा दाबला, की मी तयार. माझ्यासारख्या पुष्कळ बहिणी त्या दिवशी जन्मल्या. आम्ही सगळ्या सारख्याच. सगळ्यांच्या पोटात ढमी होती आणि एकीच्याही कव्हरवर तिचं नाव नव्हतं.

नाही, चुकले. नाव होतं. मागच्या बाजूला, सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत. आधी गाद्यावाल्या मामाचे आभार, मग आत्याआजीचे, आणि मग, ‘ढमीचे आभार, चहा आणि प्रोत्साहनासाठी’. चहा तर लांब्या करायचा.

मला कागदातून सोडवून आत्याआजीच्या खोलीत पहिल्यांदा लावलं ते ढमीने. वचन दिलं होतं ना. आत्याआजी स्पीकरला कान लावून बसली. ‘वळण’ सुरू झालं आणि तिचा पाय हलला, मग थांबला. तिने पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितलं.

“मागे तू आहेस,” ती म्हणाली. “मग पुढे कोण बडवतोय?”

“ते परत आले बाहेरून. त्यांना जागा हवी होती.”

आत्याआजीने सुई उचलून बाजूला ठेवली. “आणि टाळ्या?”

“कव्हरवर छापल्यात,” ढमी म्हणाली.

मी खूप गाजले, असं काही नाही. पण कॉलेजांत, वसतिगृहांत, लहान सभागृहांत मला लोक ओळखू लागले. वर्तमानपत्रात एकाने लिहिलं, की या अल्बममध्ये ड्रमच्या मागे ड्रमची सावली चालते, हा प्रयोग थक्क करणारा आहे. रेडिओवर मुलाखतीत दादाला विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं? सगळं घर रेडिओभोवती बसलं होतं. ढमीही होती. तिला वाटत होतं, आता तो सांगेल. मलाही वाटत होतं. दादा म्हणाला, की त्या वर्षाचा आवाज कसा असेल, याचा मी खूप विचार केला होता. आईने कौतुकाने मान डोलावली. ढमी उठून पाणी प्यायला गेली.

ढमीच्या ड्रमवर चादर पडली. मग चादरीवर इस्त्रीचे कपडे पडू लागले. मग एका शाळेला बँड काढायचा होता, तेव्हा आईने विचारलं आणि ढमी म्हणाली, देऊन टाक. ती शिकली, बँकेत अधिकारी झाली. कुणी तिच्या टेबलासमोर फार वेळ बडबड केली, की तिची बोटं टेबलावर धावतात, थांबतात आणि पुन्हा धावतात, असं लांब्या आत्याआजीला सांगायचा. लांब्या अधूनमधून मागच्या खोलीत येऊन बसायचा. बोलायचा कमी. मला लावून ऐकायचा आणि जाताना दारात डोकं आपटून घ्यायचा.

आत्याआजी खूप जगली. हात थरथरायला लागले तेव्हाही सुई स्वतःच ठेवायची. माझ्यावरचे निम्मे ओरखडे तिचेच आहेत आणि मी ते दागिन्यांसारखे मिरवते. ऐकायची ती एकच गाणं. दादाच्या आवाजाकडे तिचं लक्ष नसायचं. परदेशीकडेही नसायचं. ती त्यांच्या पाठीमागच्या खोलीत जायची.

ती गेली त्याच सुमारास तबकड्यांची फॅशन पुन्हा आली. दादाने मला नव्याने काढायचं ठरवलं. आता तो केस रंगवायचा आणि लोक त्याला ज्येष्ठ म्हणायचे. आता अशी यंत्रं निघाली आहेत, की जुन्या आवाजातला नको तो भाग निवडून बाजूला काढता येतो. एका तरुण तंत्रज्ञाने त्याला सांगितलं, की माइकमध्ये मागून बराच गोंधळ घुसलाय, तो काढू का? सावली काढली तर लोक काय म्हणतील, असा प्रश्न आला. दादा म्हणाला, की आताच्या कानांना स्वच्छ आवाज लागतो.

आणि ढमी गाण्यांतून गेली. बटण दाबून जी पुसली गेली नव्हती, ती या खेपेला गेली. नवी तबकडी चकचकीत आहे, जाड आहे, तिच्यावर एकही ओरखडा नाही. ‘वळण’मध्ये ड्रम थांबतात, तेव्हा तिच्यात खरोखरच काही नाही.

आत्याआजीची खोली आवरायला दादा आणि ढमी दोघं आले. दादाला मी सापडले. त्याने मला उगाचच लावलं. ‘वळण’ लागलं. खोलीत तो उभा, ढमी कपाटातल्या साड्या काढत पाठमोरी. परदेशी घाई करून पुढे गेला आणि पाठोपाठ ढमी आली, स्पष्ट. दादाचा हात पुढे झाला आणि त्याने सुई उचलली. मित्रांनो, त्याने ऐकलं. मी साक्षीदार आहे. ऐकलं नाही असं त्याला कधीच म्हणता येणार नाही.

“तुला हवी का ही?” त्याने विचारलं.

“नको. मला येतं ते,” ढमी साडीची घडी करत म्हणाली. “तू ठेव. तुला लागेल.”

त्याने मला कव्हरमध्ये घातलं, दाराशी बांधून ठेवलेल्या वर्तमानपत्रांवर टाकलं आणि तो खाली गाडी बघायला गेला.

सध्या मी रद्दीच्या दुकानात आहे, इस्त्रीच्या तुटक्या टेबलाला टेकून. हा रद्दीवाला माणूस चांगला आहे, पण त्याच्याकडे ग्रामोफोन नाही. माझ्यासारख्या तबकड्या घ्यायला एक जण दर आठवड्याला येतो. तो आमच्या मधल्या भोकात काटे बसवतो, कडेने आकडे चिकटवतो आणि भिंतीवरची घड्याळं म्हणून विकतो. दिवाणखान्यात फार छान दिसतात म्हणे. शेजारचा गठ्ठा त्याने मागच्या खेपेला नेला. आता माझा नंबर आहे.

म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगते. घरात कुठे जुनी तबकडी असेल, तर तिला उन्हात ठेवू नका, आडवी रचून वर ओझं टाकू नका, मऊ कापडाने पुसा. ओरखड्यांवरून तिची किंमत करू नका. ती वाजवा, आणि पुढचा आवाज ऐकून झाला, की पाठीमागच्या खोलीकडे कान द्या. तिथे कुणी असेल, तर तिचं नाव विचारा आणि कव्हरवर पेनाने, मोठ्या अक्षरांत लिहा. आभारांच्या यादीत नव्हे, वर, जिथे वाजवणाऱ्यांची नावं असतात तिथे.

माझ्या कव्हरवरही तेवढी जागा रिकामी आहे. कुणाकडे पेन असेल तर या. घड्याळवाला उद्या येतो.